दुमडलेली फळे

"आई, अगं हिरवीच का तोडतेस?"

रात्रपाळी आटोपून मी नुकताच घरी पोहोचलो होतो आणि मागील अंगणात सायकल लावीत होतो. सूर्य वर आला होता, परंतु त्यास ऊब नव्हती. आई पाठमोरी वाकून टोमॅटोच्या झाडांत काहीतरी चाचपडत होती व हाती आलेली वस्तू कुंपणापलीकडील नाल्यात भिरकावीत होती. माझा आवाज ऐकताच ती दचकली.

"कीड लागली," ती म्हणाली. "तू काय पाहू राहिला? जा आत, चहा घे."

तिच्या ओच्यातून एक फळ निसटले आणि घरंगळत माझ्या पायाशी आले. मी ते उचलून घेतले. ते फळ टोमॅटोचेच होते, हे केवळ वासावरून ओळखावे लागले. एका फळाने दुसऱ्यास गिळावयास घ्यावे आणि मध्येच थांबावे, तशी त्याची आकृती होती. अंगावर खोल घड्या पडलेल्या होत्या, आणि बुडाशी तपकिरी, खरखरीत असा एक व्रण आडवा गेलेला होता. जणू कोणी त्यास फाडून पुन्हा घाईघाईने टाचले होते.

"ही कीड नव्हे," मी म्हणालो.

"तुला काय कळतं त्यातलं? तू आपला पंप सांभाळ." तिने ते फळ माझ्या हातून हिसकावून घेतले आणि नाल्यात टाकले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि कचरू, आत यातलं काही बोलू नको. शालनच्या कानावर जायला नको."

त्याच वेळी आतून मुलीचे रडणे ऐकू आले. ते रडणे अन्य मुलांसारखे नव्हते. ते नाकातून येई, आणि मध्येच वारा सुटावा तसे फुसकन विरून जाई.

आमचे गाव गोदाकाठचे, थंडीसाठी प्रसिद्ध. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीशेजारी तीन खोल्यांची तीन घरे आहेत, त्यांतील पहिल्यात आम्ही राहात होतो. मी पंपचालक. शेजारच्या घरात व्हॉल्व्हमन युसुफभाई आणि त्यांची पत्नी हमीदाभाभी. तिसरे घर त्या काळी रिकामेच होते. आमच्या कुटुंबात आई, माझी पत्नी शालन व मी, एवढीच माणसे. माझ्या अगोदरची भावंडे पाळण्यातच गेली. म्हणून मी जन्मलो तेव्हा देवाची दृष्टी पडू नये या हेतूने आईने माझे नाव कचरू ठेवले. ज्या स्त्रीने मृत्यूस फसविण्याकरिता पोटच्या पोरास कचरा म्हटले, तिच्या मनात भय किती खोल रुतलेले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आईला झाडांचा मोठा नाद. गोडेतेलाचे रिकामे डबे तळाशी भोके पाडून तिने ओळीने मांडले होते आणि दरवर्षी गणपती उठले की त्यांत ती टोमॅटो लावीत असे. टोमॅटोच्या पानाच्या बगलेतून जो कोवळा फुटवा निघतो, त्यास आमच्याकडे बगलफूट म्हणतात. ती वाढू दिली तर झाड नुसते पानोऱ्याने माजते, म्हणून ती वेळच्या वेळी खुडावी लागते. त्याकरिता आईने उजव्या अंगठ्याचे नख वाढविलेले होते. येता-जाता, बोलता-बोलता तिचा हात झाडाकडे जाई, आणि कट् असा बारीक आवाज होई. त्या नखाच्या कडेला बारा महिने हिरवट काळा रंग असे. आमच्या शालनने एकदा थट्टेने म्हटलेही होते, "आत्याबाई, तुमचं नख म्हणजे विळीच हो. मला भाजी चिरून देत जा." तेव्हा आई खूप हसली होती.

त्या वर्षी शालन गरोदर होती. तिला माहेर उरलेले नव्हते, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी ठरले. दिवाळीच्या अमावास्येस सूर्यग्रहण आले. गरोदर स्त्रीने ग्रहणात काही चिरू नये, तोडू नये, खुडू नये, नाहीतर गर्भास तसाच छेद जातो, हे आईच्या दृष्टीने सूर्य उगवण्याइतके निश्चित होते. तिने शालनला आतील खोलीत चटईवर उताणे निजविले, सुई-दोरा, पिना, कात्री सर्व बाहेर काढले, खिडकीस चादर लावली आणि बाहेरून कडी घातली. मी पंपावर कामावर होतो.

पौषात मुलगी झाली. तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता, आणि टाळूसही फट होती.

सरकारी दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंना मी विचारले, "असे कशाने होते?"

"काही मुलांना होतं. कारण सांगता येईलच असं नाही," त्या म्हणाल्या. "ओठ शिवता येतो. नाशिकला करतात. पण आधी मुलीचं वजन वाढलं पाहिजे. हिला चोखता येणार नाही. दूध काढून थोडं थोडं पाजा, उभं धरून. ते श्वासात गेलं तर धोका आहे. तेवढं जपा."

आमच्यापुढे तेवढाच एक प्रश्न होता. दूध पोटात जाईल तर वजन वाढेल, वजन वाढेल तर ओठ शिवला जाईल. दूध गेले नाही, तर मूल राहणार नाही.

आणि ते दूध पाजण्याची कला एकट्या आईला साधली. ज्या पितळी बोंडल्याने तिने मला वाढविले होते, ते तिने चिंच लावून लखलखीत केले. त्या चिमुकल्या भांड्याची चोच ती मुलीच्या गालाच्या आतील बाजूस अलगद टेकवी आणि थेंब, मग थांबणे, मग थेंब, अशा रीतीने पाजी. शालनने पाजले की दूध नाकातून येई आणि मूल निळसर पडे. आईच्या हातून एक थेंब कधी वाया गेला नाही. मात्र हात असे मायेने चालत असताना तिची जीभ दुसरेच काम करीत असे.

"सांग ना गं शालन. काय चिरलं होतं?"

"काही नाही चिरलं, आत्याबाई. मी उताणी पडले होते. कडी तुम्हीच घातली होती."

"सुई राहिली असंल उशीखाली."

"तुम्हीच झटकली होती ना उशी?"

"मग दातानं दोरा तोडला असशील. पदराचा. आठवून पाहा. माणसाला ध्यानात राहात नाही."

"नाही हो."

"सांगितलं तर उतारा करता येतो. जे चिरलं, त्याचंच दान द्यावं लागतं. तू कबूल होत नाही, म्हणून माझ्या हातात काही नाही."

"जे केलंच नाही ते काय कबूल करू?" शालन म्हणे. "तुम्हाला पाहिजे तर खोटं बोलते. भोपळा चिरला म्हणते. चालेल?"

"खोट्याचा उतारा लागू होत नाही," आई शांतपणे म्हणे, आणि बोंडल्यातील पुढला थेंब सोडी.

हे असे दररोज चाले. जोवर कबुली नाही तोवर बारसे नाही, असेही आईने जाहीर केले होते. मुलीस सर्वजण नुसते 'बाळ' म्हणत. मी मध्ये पडलो की आई म्हणे, "बायकांच्यात बोलू नको," आणि शालन म्हणे, "तुम्ही बोलत का नाही?" मुलीचे वजन मात्र काडीकाडीने वाढत होते.

हमीदाभाभी आल्या तो दिवस रविवारचा होता. दुपारची वेळ होती. आई मांडीवर मूल घेऊन बसली होती, शालन भिंतीशी टेकून लंगोटांच्या घड्या करीत होती. हमीदाभाभींनी ओढणीच्या टोकात काहीतरी आणले होते.

"मावशी, हसू नका बरं," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "तुमचंच बियाणं लावलं होतं मी. तुमचे टमाटे कसे सुंदर येतात दरसाल. आणि आमच्याकडे हे पाहा काय जन्माला आलंय! युसुफमियाँ म्हणाले, यातला एक तर हुबेहूब माझ्या सासूसारखा दिसतो."

त्यांनी ओढणी सोडली. चार-पाच तांबूस फळे जमिनीवर आली. सारी दुमडलेली, बुडाशी फाटून शिवल्यासारखी. एकास तर नाकासारखे टोक फुटले होते.

आमच्यापैकी कोणीच हसले नाही. आईच्या हातातील बोंडले थांबले.

"हमीदा," ती म्हणाली, "गिऱ्हाणात तू झाडाला हात लावला होता का?"

"मी? मी तर दिवाळीत येवल्याला होते, बहिणीकडे. घराला कुलूप होतं. आठवत नाही का? तुम्हीच तर पाणी घातलं माझ्या झाडांना."

"पाणी घातलं," आई पुटपुटली. "पाण्याशिवाय काही नाही केलं. त्यांना तर नाही खुडलं."

मला वाटले, आता बोलण्याची वेळ आहे. मी म्हणालो, "आई, हे थंडीने झाले असणार. कळी धरली तेव्हाच कडाका पडला. द्राक्षवाल्यांनी बागेत शेकोट्या पेटविल्या होत्या, तुला ठाऊक आहे. कोवळ्या कळीला गारठा बाधला, की फळाला असा आकार येत असेल. यात कोणाचा हात नाही."

आईने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत प्रथम काहीतरी उजळले, आणि लगेच विझले.

"झाडाला थंडी लागली असंल," ती म्हणाली. "पोरीला कोणती थंडी लागली, ते सांग."

 

शालन आमच्याकडे पाहात होती. ती एकाएकी उठली. बाळंतीण असल्याने तोवर ती मागील अंगणात गेली नव्हती. आई "थांब, थांब, वारा लागंल," असे म्हणत असतानाच ती दार उघडून बाहेर पडली. मी तिच्या मागे गेलो.

डबे ओळीने उभे होते. झाडांवर एकही फळ नव्हते. जेथे फळ असावे तेथे तुटलेले देठ होते. परंतु शेंड्यावर नवी फुले आली होती. टोमॅटोचे फूल म्हणजे एरवी पाच पाकळ्यांची इवलीशी पिवळी चांदणी. ही फुले शेवंतीसारखी रुंद होती, दोन-दोन तीन-तीन एकाच जाड देठावर एकमेकांस चिकटून वाढलेली. त्यांच्या पाकळ्या मोजता येण्यासारख्या नव्हत्या. शालनने मधल्या डब्यातील पाने बाजूस सारली. तळाशी, काठीच्या आड, आईच्या हातून सुटलेले एक फळ लाल होऊन बसले होते. ते तिने तोडले, आत आणले आणि हमीदाभाभींच्या फळांशेजारी ठेवले.

"बाकीची कोणी तोडली?"

"मीच," आई म्हणाली.

"का?"

"तुला दिसू नये म्हणून."

"मला दिसलं असतं तर काय झालं असतं?"

आईने मूल हमीदाभाभींच्या हाती दिले. तेव्हा प्रथमच माझे लक्ष गेले की तिच्या अंगठ्यास नख नव्हते. ते तिने मांसापर्यंत कापून टाकले होते, आणि तेथे रक्त साकळलेले होते.

"त्या दिवशी तुला आत घातलं," ती म्हणाली. "कडी लावली आणि मागं ओट्यावर येऊन बसले. ऊन कसं मळकं झालं. कावळे गप होऊन बसले. मधल्या डब्याची काठी पडली होती, झाड आडवं झालं होतं. म्हटलं उभं करावं. केलं, बांधलं. मग बगलफूट दिसली गं. हात गेला. एक खुडली. मग दुसरी. सगळे डबे खुडून झाले तेव्हा ध्यानात आलं, की गिऱ्हाण चालू आहे आणि घरात दोन जीवांची बाई आहे."

तिने आपला हात पदराखाली घेतला.

"हात थांबतो का गं? जन्माची सवय."

"आणि मला विचारत होता," शालन म्हणाली. "रोज. इतके दिवस."

"वाटायचं, तूबी काहीतरी केलं असशील. रोज देवापुढं म्हणायचे, हिनंच चिरलेलं असू दे. माझ्या हातानं झालेलं नसू दे."

हमीदाभाभींकडून शालनने मूल घेतले आणि आतील खोलीत जाऊन दार लोटून घेतले. हमीदाभाभी आपली फळे गोळा करू लागल्या. "या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या, "मी कशाला आणले हे टमाटे!"

संध्याकाळी मुलीस भूक लागली, तेव्हा आईने बोंडले हाती धरले नाही. ते तिने धुऊन, पुसून देव्हाऱ्यापुढे ठेवले आणि स्वतः ओट्यावर जाऊन बसली.

"आई, चल. रडते आहे."

"हा हात तिला लावायचा नाही."

"अगं, पण आजवर याच हाताने पाजलेस ना?"

"तेव्हा आस होती, का दुसरीचा दोष असंल. आता नाही."

मी विनवणी केली, रागावलो. तिच्यावर त्याचा यत्किंचितही परिणाम झाला नाही. शालनने स्वतः बोंडले घेतले. दूध नाकातून आले, मुलीस ठसका लागला, तिच्या ओठांभोवती निळी छटा चढली. मी चमच्याने पाजून पाहिले. हमीदाभाभींनी कापसाची वात भिजवून पाहिली. पोटात गेले असेल-नसेल तेवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल रडत होते. दुपारी ते रडेनासे झाले. रडण्याहून ते न रडणे अधिक भयंकर होते. मी दवाखान्यात नेण्याकरिता रिक्षा आणावयास चप्पल घालू लागलो.

"थांबा," शालन म्हणाली.

तिने चुलीवरील कोमट पाणी तपेलीत काढले आणि मूल काखेत घेऊन ती ओट्यावर आली. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. शालन तिच्यासमोर खाली बसली. तिने आईचा उजवा हात ओढून बाहेर काढला. आई हात मागे घेऊ लागली, शालनने सोडला नाही. तिने तो हात तपेलीत बुडवून धुतला. बोटे, बोटांच्या बेचक्या, तो सोललेला अंगठा. मग डावा. आपल्या पदराने दोन्ही कोरडे केले, आईच्या मांडीवर मूल ठेवले आणि हातात बोंडले दिले.

"पाजा."

"शालन, माझ्या हातानंच तिचं..."

"कारण तुमच्याजवळ ठेवा. मला दूध पाजणारा हात पाहिजे."

"तुला राग नाही येत माझा?"

"येतो," शालन म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "गिऱ्हाणाचं मला काही कळत नाही, आत्याबाई. ते खरं का खोटं, देव जाणे. पण 'हिनंच चिरलेलं असू दे' म्हणालात, ते मी विसरायची नाही. आता पाजा. ती गार पडू राहिली."

पहिला थेंब मुलीच्या हनुवटीवर सांडला. शालनने तो बोटाने पुसला. दुसरा थेंब आत गेला. बऱ्याच वेळाने मुलीच्या घशात बारीकसा गटकन आवाज झाला. आम्ही तिघेही तो आवाज पुन्हा ऐकण्याकरिता श्वास रोखून बसलो.

त्या दिवसानंतर बोंडले आईच्या हातून सुटले नाही. मुलीस नाव ठेवले ते नाशिकहून ओठ शिवून आणल्यावर. कानात नाव सांगण्यास मला बहीण उरली नव्हती, म्हणून ते काम हमीदाभाभींनी केले. नाव शालनने निवडले होते, वनमाला. तिच्या वरच्या ओठावर आता एक बारीक पांढरी रेघ आहे. बोलण्यात किंचित नाकातला स्वर आहे. ती हसते तेव्हा रेघ दिसत नाही.

बोंडले पुन्हा हाती घेतले त्याच आठवड्यात आईने सारी झाडे उपटली आणि डबे भंगारवाल्यास देऊन टाकले. त्यानंतर आमच्या अंगणात टोमॅटो लागले नाहीत. अंगठ्याचे नखही तिने पुन्हा कधी वाढू दिले नाही.

आणि ग्रहण आले, की सूर्याचे असो अथवा चंद्राचे, वेध लागण्यापूर्वी ती आतील खोलीत जाई. आपल्या हाताने खिडकीस चादर लावी, चटईवर उताणी निजे, दोन्ही हात छातीवर एकमेकांत गुंतवी आणि हाक मारी, "शालन, कडी घाल." घरात कोणीही गरोदर नसे. शालन मुकाट्याने उठे, बाहेरून कडी घाली आणि ग्रहण सुटेपर्यंत त्याच दाराशी, बाहेरच्या बाजूस, बसून राही. त्या दोघींत त्याविषयी कधी एक शब्दही झाल्याचे मला आठवत नाही.

वनमाला मोठी होत गेली तशी विचारू लागली, "आई, आजीला कशाला कोंडतेस?"

"आजीची पाठ दुखते," शालन सांगे. "निवांत पडू दे तिला."

आईस जाऊन आता बरीच वर्षे झाली. ती गेल्यानंतर पहिले ग्रहण आले, त्या दिवशी मी घरीच होतो. ऊन मळकट होऊ लागले. शालन तांदूळ निवडीत बसली होती. तिने सूप बाजूस ठेवले, ती उठली, आतील खोलीपाशी गेली आणि रिकाम्या खोलीचे दार ओढून तिने बाहेरून कडी घातली. मग काय केले ते तिच्या ध्यानात आले. कडीवरचा हात तिने तसाच राहू दिला.